मुलांना घेऊन सायकलीवर निघायचे, पण कोणत्या वाटेने?



ऊस विकास अधिकाऱ्याने या पानावर बेणेबदल, हुमणी, खोडव्यातले पाचट याविषयी लिहावे अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. पण या खेपेला मी सायकलीविषयी लिहिणार आहे. "साहेबांना दुसरे काम नाही काय?" असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे. हंगाम तोंडावर आला की माझे निम्मे काम रस्त्यावरच चालते. कोणत्या शिवारातून किती गाड्या निघणार, कोणत्या मोरीवर ट्रॉली अडकणार, कोणत्या वळणावर पाट फुटून चिखल होणार, हे शेतकी विभागाच्या माणसाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. त्याच रस्त्यांवर आपली पोरे सायकली घेऊन येतात. म्हणून हा विषय शेतकी विभागाच्या कक्षेबाहेरचा आहे असे मला वाटत नाही.

गेल्या काही वर्षांत एक चांगला बदल दिसतो आहे. रविवारी सकाळी आईबाप आणि दोन मुले, अशी चार सायकलींची रांग गावाबाहेर पडते. कोणाचा भाऊ पुण्याहून आलेला असतो, कोणी शिक्षक असतो, कोणाला डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून व्यायाम सांगितलेला असतो. (आपणच साखर करायची आणि आपल्यालाच ती वाढायची, हा एक योगच म्हणायचा.) माझ्या वयाच्या माणसांनी बापाची चोवीस इंची सायकल चोरून नेऊन आधी कैची, मग नळी, मग सीट अशा पायऱ्यांनी गुडघे फोडत ती शिकली. बापाबरोबर हौसेने सायकल फिरवणे आम्हाला माहीतच नव्हते. आताच्या मुलांना ते सुख मिळते आहे, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

पण ही मंडळी जातात कुठे? बहुतेक जण डांबरी नाहीतर सिमेंटचा मोठा रस्ता धरतात. गुळगुळीत आहे, खड्डा नाही, सायकल पळते. वर "आज रविवार आहे, गर्दी नसते" असेही म्हणतात. शहरात ते खरे असेल. आपल्याकडे गळिताला रविवार नसतो. एकदा बॉयलर पेटला आणि गव्हाणीत मोळी पडली, की दसरा-दिवाळीपासून थेट उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ऊस रात्रंदिवस चालतो. उलट रस्ता जितका चांगला तितकी उसाची वाहने त्याच रस्त्याला जास्त. पाहुण्याला जो रस्ता सर्वांत चांगला वाटतो, तोच हंगामात लहान मुलासाठी सर्वांत वाईट असतो.

ट्रॅक्टरमागच्या जोडट्रॉल्या आपण रोज पाहतो, म्हणून त्यांच्याकडे नीट बघत नाही. एकदा मुलाच्या उंचीवर बसून बघा. ट्रॉलीच्या साट्याबाहेर दोन्ही अंगांनी ऊस आलेला असतो, आणि त्या कांड्यांची टोके आठ वर्षांच्या सायकलस्वाराच्या तोंडासमोर येतात. ट्रॅक्टर वळला की मागची ट्रॉली त्याच्या चाकोरीतून वळत नाही, आतल्या बाजूला ओढली जाते. कडेला पुष्कळ जागा आहे असे समजून जो आत शिरतो, त्याची जागा वळणाच्या मध्यावर संपते. ड्रायव्हरला मागचे काही दिसत नाही, कारण आरशाच्या आड ऊस असतो. ऐकूही येत नाही, कारण टपावर भोंगा लावलेला असतो. मागून घंटी वाजवून काही उपयोग नाही. अंगदाला जोडलेल्या दोन गाड्यांची तीच तऱ्हा. त्या मानाने बैलगाडी सोसते. ती सावकाश जाते आणि बैल तरी माणूस बघून बिचकतो. पण संध्याकाळी मागे लाल कापड किंवा चमकपट्टी नसली तर तीही तितकीच वाईट.

आणि पोरे काय करतात? चढावर ट्रॉली मंदावली की सायकल जवळ नेतात, एका हाताने साखळी धरतात आणि फुकट ओढून घेतात. नाहीतर कांडे उपसतात. मोळीतला ऊस ओढला तर निघतो, पण घट्ट बसलेला असला तर निघत नाही, आणि हात ट्रॉलीकडे, सायकल दुसरीकडे अशी गत होते. घरी बांधावर एकरभर ऊस उभा असताना चालत्या ट्रॉलीतलाच का गोड लागतो, ते देव जाणे. मुलांना रागावून हे थांबत नाही, असा माझा अनुभव आहे. ज्या रस्त्याने ट्रॉल्या जातात त्या रस्त्याला मुलाला नेऊच नये, एवढाच खात्रीचा उपाय दिसतो. म्हणून वाट निवडणे हे मोठ्यांचे काम आहे. पोराला "जपून जा" म्हणून सांगितले की आपली जबाबदारी संपली, असे समजू नका.

मग जायचे कुठून? आपल्या कार्यक्षेत्रात कालव्याखालचाही भाग आहे आणि उपशावरचाही. दोन्हीकडे वाटा आहेत, फक्त त्यांची पारख वेगवेगळी करावी लागते.

कालव्याच्या कडेचा रस्ता पहिल्याप्रथम मनात येतो. तो सपाट असतो. कालवा डोंगराच्या उतारावर समपातळी धरून काढलेला असतो आणि पाणी हळू वाहावे म्हणून त्याला उतार नावापुरता दिलेला असतो. त्यामुळे त्याच्या कडेने मैलोगणती गेले तरी चढ लागत नाही. १८८५ च्या सुमारास झालेल्या नीरा डाव्या कालव्यासारखे जुने कालवे पाहिलेल्यांना त्यांच्या काठची मोठी झाडे आणि सावली आठवत असेल. कालव्याच्या अधिकाऱ्यांना पाहणी करता यावी म्हणून ठेवलेला हा रस्ता आहे. आजही तो जलसंपदा विभागाचाच आहे, म्हणून पाटकऱ्याला किंवा शाखा कार्यालयात विचारून जावे. पण सपाट म्हणजे निर्धोक नव्हे. मातीच्या जुन्या कालव्यात कोणी पडले तर हाताला गवत, मूळ, काहीतरी लागायचे. अलीकडे पुष्कळ कालव्यांना सिमेंटचे अस्तर झाले आहे. पाणी वाचते हे खरे, पण शेवाळलेल्या त्या तिरक्या भिंतीवरून पोहणाऱ्या माणसालासुद्धा वर येता येत नाही. लहान मूल तर नाहीच. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्याला ब्रेक दाबून सरळ रेषेत थांबता येत नाही, त्याला मुख्य कालव्याच्या काठाने नेऊ नये, मग तो कितीही वर्षांचा असो. मोठी मुले न्यायची झाल्यास आवर्तन चालू नसताना न्यावीत, आणि तेव्हाही मोठ्या माणसाने पाण्याच्या बाजूने चालावे.

त्यापेक्षा चारीची वाट चांगली. पोटचारी रुंदीने लहान, पाणी कमी, दोन्हीकडे शेते आणि दारे धरणारा कोणी ना कोणी ओळखीचा माणूस. मूल पडलेच तर ओले होऊन उठते. तिथे त्रास असतो तो पाइपांचा. मोटारीच्या वायरी आणि ठिबकच्या नळ्या वाटेवर आडव्या टाकून ठेवायची आपल्याला सवय आहे. चाकाखाली नळी आली की लहान चाक सरकते. वायर उघडी असली तर पुढचे सांगायला नको.

सर्वांत उत्तम वाट म्हणजे जुनी पाणंद. मुरूम टाकलेली, दोन्हीकडे बांध, मध्ये एखादी मोरी, पुढे मारुतीचे किंवा म्हसोबाचे देऊळ, तिथे सावली आणि हातपंप. मुलांना याहून जास्त काही लागत नाही. मोठ्यांना वाटते की मुलांना अंतर कापायचे असते. तसे नसते. त्यांना थांबायचे असते. बगळे बघायचे असतात, मोटारीच्या धारेत तोंड धुवायचे असते, हरभरा उपटून खायचा असतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबण्यासारखे काही आहे अशी वाट मुलांची. आठ किलोमीटर सरळ आणि कंटाळवाणी वाट असेल तर ती पहिलवानांना द्यावी.

पाणंद निवडतानाही डोळे उघडे ठेवावेत. काळ्या रानातली पाणंद पाऊस झाल्यावर किंवा पाट फुटल्यावर धरू नये. ती माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये अशी बसते की सायकल खांद्यावर घेऊन यावे लागते. बाभळीची छाटणी नुकती झाली असेल तर आठ दिवस तिकडे फिरकू नये, नाहीतर पंक्चरवाल्याचे बिल भरावे. पाचट पेटवलेले असेल तर धुरातून मुलाला नेऊ नये. (पाचट पेटवूच नये हे मी या पानावर कितीदा लिहिले, ते मोजायचे सोडून दिले आहे.) आणि त्या पाणंदीच्या दोन्ही अंगांच्या उसाला तोडणी चिठ्ठी निघाली आहे का, ते आदल्या दिवशी गटाच्या स्लिपबॉयला विचारावे. तो एका मिनिटात सांगेल. ज्या पाणंदीत टोळी उतरली आहे ती त्या आठवड्यापुरती गाड्यांची वाट झाली, मुलांची राहिली नाही. तिथे तोडणी मजुरांची लेकरे वाटेतच खेळत असतात, म्हणून मोठ्यांनी एकट्याने जातानासुद्धा हळूच जावे.

वेळेचेही गणित आहे. टोळी पहाटे फडात उतरते, दुपारपर्यंत तोडते, मग मोळ्या भरल्या जातात आणि दुपारनंतर वाहने बाहेर पडू लागतात. म्हणून शिवारातल्या वाटा सकाळी सर्वांत मोकळ्या असतात. ऊन वर आल्यानंतर, आठ ते साडेदहा, ही मुलांची वेळ. दुपारी तीननंतर नको. फार पहाटेही नको, आणि त्याचे कारण निराळे आहे.

ते कारण म्हणजे बिबट्या. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत बिबट्या उसातच राहतो, उसातच पिले घालतो, हे आता कोणाला नवे नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर भागात त्याने लहान मुलांचे बळी घेतले, ते आपण वाचले आहे. ज्या शिवारात त्याचा वावर ऐकला आहे तिथे मुलांना घेऊन जायचेच नाही, एवढे कडक राहावे. इतर भागातही कोवळ्या उजेडात आणि दिवेलागणीला उसाच्या भिंतींमधून जाऊ नये. मुलाला एकटे मागे किंवा पुढे सोडू नये. आणि वाटेच्या कडेला, उसाला लागून, मूल एकटे खाली बसवू नये. उभ्या माणसापेक्षा बसलेले मूल त्याला भक्ष्यासारखे दिसते. भीती घालायला हे लिहीत नाही. ज्या पिकाची वाढ करण्याचा मी पगार घेतो, त्याच पिकात तो लपतो, म्हणून सांगणे भाग आहे.

आता थोडे पिकाविषयी, म्हणजे माझ्या प्रांतात येतो. पाणंद मोठ्या रस्त्याला जिथे मिळते, ते तोंड सर्वांत वाईट. आडसाली ऊस दुसऱ्या दिवाळीला दोन पुरुष उंच झालेला असतो आणि आपण तो रस्त्याच्या कडेपर्यंत लावतो. पाणंदीतून बाहेर येणाऱ्या मुलाला ट्रॉली दिसत नाही, ट्रॉलीवाल्याला मूल दिसत नाही. दोघे एकमेकांना दिसतात तेव्हा वेळ गेलेली असते. माझी सभासदांना विनंती आहे की अशा कोपऱ्यावर ऊस लावू नका. चार-पाच सऱ्यांचा तिकोना मोकळा सोडा आणि त्यात भुईमूग, हरभरा, मेथी, घास, जे बसेल ते करा. दोन-तीन गुंठ्यांचा ऊस जाईल, तो किती पैशांचा, ते आपणच हिशोब करून बघा. भाजी मात्र घरची होईल. लागणीच्या वेळी हा कोपरा सोडून मोजणी करायला मी आमच्या गटातल्या कर्मचाऱ्यांना सांगितले आहे. पण सांगणारे आम्ही, सरी सोडणारे आपण.

इथे एक परदेशचे उदाहरण देतो, कारण तो देशही साखरेचाच आहे. नेदरलँड्समध्ये बीटपासून साखर होते आणि तिथेही बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे. आज तो देश सायकलींचा देश म्हणून नावाजला जातो. पण १९७१ साली तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यात चारशेच्या वर मुले होती. मोटारी वाढल्या होत्या आणि सायकलीची वाट कोणी राखली नव्हती. मग आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांचे खून थांबवा' अशाच नावाची चळवळ उभी राहिली. नंतर १९७३ सालच्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद ठेवण्याची वेळ आली, तेव्हा लोकांनी रिकामे रस्ते पाहिले. त्या वर्षांनंतर तिथल्या सरकारने सायकलीच्या वाटा निराळ्या काढायला घेतल्या. आपल्याला तर निराळी वाट काढायचीही गरज नाही. ती आपल्या बापजाद्यांनी काढून ठेवली आहे. गावनकाशा उघडून बघा. दोन तुटक रेषांनी दाखवलेला असतो तो गाडीमार्ग, एका तुटक रेषेचा तो पायमार्ग. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा फुटांपासून पुढे धरलेली आहे.

आता प्रत्यक्षात जाऊन ती किती उरली आहे ते मोजा. माझ्या फिरतीत अशा पाणंदी पाहिल्या आहेत की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला उसात शिरावे लागते. ही जमीन कोणी चोराने नेलेली नाही. दरवर्षी नांगरताना एक तास पुढे, बांध कोरताना एक वीत बाहेर, असे करत आपणच ती खाल्ली. अलीकडचा आणि पलीकडचा, दोघांनीही. आणि मग वाट उरली नाही म्हणून पोरे मोठ्या रस्त्याला गेली. हे कडू वाटेल, पण नकाशापुढे मी काय करणार?

कायदा आहे. अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचे कलम ५ आहे, आणि बांधावरून वाट मागायला १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाचे कलम १४३ आहे. २०२१ साली मातोश्री पाणंद रस्ते योजना आली. शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यायचे शासनाने २०२५ साली ठरवले. पण तहसील कचेरीच्या तारखा आणि भाऊबंदकी आपण सर्वांनी भोगलेली आहे. अर्ज करण्याआधी दोघा शेजाऱ्यांनी टेप घेऊन पाणंदीत उभे राहावे, हे मला जास्त पसंत आहे. खुली पाणंद मुलांपुरती नसते. पावसाळ्यात लागणीचे बेणे आत नेताना आणि हंगामात ऊस बाहेर काढताना तिचा पहिला फायदा उसालाच होतो. ज्याचा फड आत अडकतो, त्याची तोड मागे पडते. यावर वेगळे समजावून सांगायला नको.

सायकलीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण दुकानदार आपल्याला भलतेच विकतो. "वाढत्या अंगाची" म्हणून मोठी सायकल घेऊ नका. ती रीत कपड्याला ठीक. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत आणि बोटे ब्रेकच्या दांडीपर्यंत पोहोचली पाहिजेत. गिअर नसले तरी चालतात, ब्रेक नसले तर चालत नाहीत. डोक्याला हेल्मेट घालावे आणि आधी बापाने घालावे, म्हणजे मूल कुरकुरत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला जाऊन-येऊन चार किलोमीटर पुरे, दहा-अकरा वर्षांच्याला दहा. चढ आणि समोरचा वारा जाताना घ्यावा, परतताना मूल दमलेले असते. एकच मोठा माणूस असेल तर त्याने मुलाच्या मागे, किंचित उजव्या हाताला राहावे, म्हणजे मागून येणारे वाहन आधी त्याला चुकवील. दोघे असतील तर एक पुढे, एक मागे. आणि वाट आधी स्वतः एकट्याने, त्याच वारी, त्याच वेळी फिरून यावी. रिकाम्या मंगळवारी पाहिलेली वाट बाजाराच्या दिवशी ओळखू येत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्या उठाठेवीपेक्षा पोराला मोटारसायकल शिकवलेली बरी. आठवी-नववीची पोरे बुलेट पळवताना मी रोज पाहतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, एवढेच सांगतो. सायकल सोडून पोरगा लवकर बुलेटवर का जातो, त्याचे एक कारण असेही आहे की त्याला सायकल चालवायला धड वाट मिळालेली नसते. मुलींचे तर त्याहून कठीण. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, ही सरकारची चांगली योजना. पण काही घरांत ती सायकल पडवीत उभी राहते, कारण आई म्हणते, हंगाम संपू दे मग जा. हंगाम संपतो तेव्हा शाळेचे वर्षही संपत आलेले असते. ज्या वाटेवर आपण रविवारी आठ वर्षांच्या मुलाला निर्धास्त नेऊ शकतो, त्याच वाटेने ती मुलगी सोमवारी शाळेत जाऊ शकते. रविवारची रपेट म्हणजे नुसती चैन आहे असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

गळीत सुरू होण्याआधी प्रत्येक गट कार्यालयात आपापल्या गावांच्या नकाशाची प्रत भिंतीला लावण्याची व्यवस्था केली आहे. ज्या पाणंदीतून, चारीवरून आपली मुले सायकलीने जातात किंवा जाऊ शकतील, तिच्यावर निळ्या पेन्सिलीने खूण करावी. जिथे वाट अडली आहे तिथे लाल. निळ्या वाटेच्या शिवारातली तोडणी शक्यतो शाळेची वेळ टाळून भरण्याचा प्रयत्न शेतकी विभाग करील, आणि त्या आठवड्यात कोणती वाट गाड्यांना दिली आहे, ते फळ्यावर लिहिले जाईल. पेन्सिली सुतळीने बांधून ठेवल्या आहेत, तरी कृपया नेऊ नयेत.

— ऊस विकास अधिकारी